जोसेफ झिजून गेला

सेंट मिल्ड्रेडच्या चर्चमध्ये आपल्या मुलीचं लग्न लागणार, याबद्दल चंद्रशेखर चौबळांची तक्रार नव्हती. तक्रारीला जागाच कुणी ठेवली नव्हती. तनू आणि टिमनं आधी ठरवलं, मग कळवलं, आणि कळवतानाच 'सकाळी व्हिलेज हॉलमध्ये आपल्या पद्धतीनं, दुपारी चर्चमध्ये त्यांच्या' असा तोडगाही जोडून दिला. तारीखसुद्धा बिनतोड होती. दोन हजार सहाच्या जूनमधला, फुटबॉलच्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडची मॅच नसलेला शनिवार. चौबळ ब्रॅकनेलच्या एका कंपनीत गेली वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेत होते. ज्यात चूक सापडत नाही अशी गोष्ट त्यांना अस्वस्थ करी.

ती चूक त्यांना मे महिन्यात सापडली, आणि सापडली नसती तर बरं झालं असतं.

लिटल हॅथर्ली हे टिमचं गाव. एक पब, एक तळं, एक पोस्ट ऑफिस (बंद पडण्याच्या बेतात) आणि एक चर्च. लग्नाआधी दोन्हीकडच्यांना चर्च दाखवायची पद्धत होती, म्हणून एका शनिवारी चौबळ, त्यांची पत्नी सुनीती, तनू आणि टिम असे चौघे तिथं हजर झाले. स्वागताला दोघं होती. एक, हिलरी पेनफोल्ड, म्हणजे गावच्या व्हिकर, चर्चच्या धर्मगुरू. पन्नाशीच्या, उत्साही, कुठल्याही वाक्याचा शेवट आनंदात करणाऱ्या. दुसरे मिस्टर पॉम्फ्रे, चर्चवॉर्डन. आपल्याकडे देवळाचे पंच असतात त्यातला प्रकार. चर्चच्या इतिहासावर त्यांनी स्वतः एक पुस्तिका लिहिली होती आणि ती दाराशी टेबलावर ठेवलेली असूनही ते ती तोंडपाठ म्हणून दाखवत.

"भिंती चकमकीच्या दगडाच्या," पॉम्फ्रे म्हणाले. "दक्षिणेचं दार नॉर्मन, बाराव्या शतकातलं. कमानीवरची ही नागमोडी नक्षी पाहा."

चौबळांनी पाहिली. नक्षी छान होती. डाव्या बाजूचे दात उजव्यापेक्षा एकानं कमी होते, पण ते बोलले नाहीत.

"आणि वेदीकडचा हा भाग मुख्य दालनाशी सरळ रेषेत नाही, किंचित डावीकडे कललेला आहे. क्रुसावर ख्रिस्ताची मान कलली होती, त्याचं ते प्रतीक मानतात."

गवंड्याची दोरी सरकली असणार, असं चौबळांचं मत झालं. तेही त्यांनी ठेवून घेतलं. एकूण चर्च त्यांना आवडलं होतं. एका शतकानं बांधायचं, दुसऱ्यानं पाडायचं, तिसऱ्यानं खिडकी फोडायची आणि व्हिक्टोरियाच्या काळातल्या लोकांनी येऊन सगळं खरवडून पुन्हा जुन्यासारखं करायचं. बांधकाम खातं सगळीकडे सारखंच.

मग मंडळी उत्तरेच्या भिंतीशी आली.

"आणि हा आमचा खजिना," पॉम्फ्रे खालच्या आवाजात म्हणाले.

भिंतीत छातीच्या उंचीवर एक काळपट दगड बसवला होता. वर एक गोल आणि एक कोर. मध्ये अस्पष्ट ओरखड्यांची एक ओळ. खाली एक बाई आणि एक गाढव.

"इजिप्तकडे पलायन," पॉम्फ्रे म्हणाले. "बाळ येशूला वाचवायला निघालेली मेरी. वर बेथलेहेमचा तारा आणि चंद्र. आमच्याच कुणा स्थानिक कारागिराचं काम, बहुधा फ्रेंच वळणाचं. मधली ती नुसती नक्षी."

"जोसेफ कुठं आहे?" सुनीतीनं विचारलं. ती मूळची नागपूरची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिला या कथेतली माणसं मोजता येत होती.

"जोसेफ झिजून गेला," पॉम्फ्रे हळहळले.

चौबळांच्या कानात गरम हवा भरली. त्यांचं आजोळ अलिबागजवळचं. तिथं शेताच्या बांधावर असाच एक दगड उभा होता. आठ वर्षांचे असताना 'मामा, हे गाढव काय करतंय?' असं त्यांनी विचारलं होतं आणि उत्तरादाखल एक सणसणीत थोबाडीत खाल्ली होती. ज्या प्रश्नाला थोबाडीत मिळते त्याचं उत्तर माणूस शोधून काढतोच. ती गधेगाळ होती. जुन्या काळी राजा देवळाला, ब्राह्मणाला जमीन दान देई, आणि पुढं कुणी ती बळकावू नये म्हणून दानाच्या दगडावर शेवटी शिवी कोरून घेई. जो हे दान मोडील त्याच्या आईला गाढव लागो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खाली चित्र. सूर्य-चंद्र एवढ्यासाठी, की ते आहेत तोवर शिवी लागू. सरकारी भाषेला इतका स्पष्टपणा पुन्हा कधी लाभला नाही.

आणि दगडापासून हातभर अंतरावर पितळेची पाटी होती. कॅप्टन एडवर्ड पॉम्फ्रे, बॉम्बे आर्मी, ठाणे व अलिबाग येथे दीर्घ सेवा. पाटी आणि दगड दीडशे वर्षं शेजारी राहिले होते आणि कुणी त्यांची ओळख करून दिली नव्हती.

"आता सगळ्यात गोड भाग," हिलरीबाई म्हणाल्या. "लग्न लागलं की बाहेर पडताना नवरानवरी इथं थांबतात. नवरीनं मेरीवर हात ठेवायचा, नवऱ्यानं गाढवावर. मग फोटो. गावातल्या प्रत्येक जोडप्यानं हे केलंय."

"माझ्या नॅननं तर हाताचं चुंबन घेऊन मग ठेवला होता," टिम आजीच्या कौतुकानं म्हणाला.

चौबळ दगडाकडे वाकले. उमेद एवढीच, की आपली चूक असावी. ओरखड्यांच्या ओळीतली बहुतेक अक्षरं गेली होती, पण दोन शिल्लक होती. ठसठशीत.

"बाबा, यू कॅन रीड इट?" तनूनं विचारलं.

इथं चौबळांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण समोर दिसतंय ते रिपोर्ट करायचं, ही इतक्या वर्षांची सवय.

"माय," ते म्हणाले.

"म्हणजे?" हिलरीबाई.

"म्हणजे... आई. पण तसं नव्हे, पुढे..."

"आई!" हिलरीबाईंनी छातीवर हात ठेवला. पॉम्फ्रेंचे डोळे चक्क पाणावले. तीस वर्षं त्यांनी जिला नुसती नक्षी म्हटलं होतं, ती आज मेरीचं नाव घेऊन उभी राहिली होती. 'पुढे' काय, हे ऐकायला कुणी थांबलं नाही.

परतताना गाडीत सुनीती म्हणाली, "अहो, झालं काय तुम्हाला? तोंड असं का?"

"ती मेरी नाही."

"मग?"

"घरी गेल्यावर सांगतो."

"घरी गेल्यावर कशाला? गाडीत कोण ऐकतंय? तनू टिमच्या गाडीत आहे."

चौबळांनी सांगितलं. सांगायला त्यांना दोन राउंडअबाउट लागले, कारण मध्ये मध्ये त्यांनी संस्कृताचा आधार घेतला.

"आणि टिमनं गाढवावर हात ठेवायचा," सुनीती म्हणाली.

"हो."

"मला हसवू नका हं. मी विहिणीसमोर कशी उभी राहू आता?"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

यावर ती जी हसली, ती गॅरेज येईपर्यंत.

चौबळ मात्र पुढच्या आठवड्यात कर्तव्यबुद्धीनं पॉम्फ्रेंकडे गेले. पॉम्फ्रेंनी चहा दिला, त्याबरोबर एकेकच बिस्किट दिलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कॅप्टनसाहेब, अलिबाग, दानाची प्रथा, सूर्यचंद्र, सगळं.

"इंटरेस्टिंग थिअरी," ते म्हणाले.

एवढ्या वर्षांत चौबळ या देशात जे काही शिकले, त्यात हे पहिलं होतं. इंग्रज माणूस 'इंटरेस्टिंग' म्हणाला की आपण कोट घालायचा आणि निघायचं. तरी ते बसून राहिले.

"मिस्टर पॉम्फ्रे, त्या चित्रातलं गाढव प्रवासाला निघालेलं नाही."

"विश्रांती घेतंय?"

"नाही. विश्रांतीही घेत नाहीये."

"मग काय करतंय?"

चौबळांकडे इंग्रजी भरपूर होतं. ऑफिसचं होतं, कौन्सिलला तक्रार करण्याचं होतं, डॉक्टरला दुखणं सांगण्याचं होतं. पण फुलाफुलांच्या कपात चहा पिताना हे सांगण्याचं इंग्रजी त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी हातानं दाखवायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मिसेस पॉम्फ्रे आणखी गरम पाणी घेऊन आल्या. चौबळांनी हात मांडीवर ठेवले.

"मिस्टर चॉबल म्हणतायत की गाढव विश्रांती घेत नाहीये," पॉम्फ्रेंनी बायकोला सांगितलं.

"बिचारं," त्या म्हणाल्या.

राहता राहिल्या हिलरीबाई. त्यांना चौबळांनी फोन केला, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. पण आवाज आपला आपल्याला ऐकू येतोच. त्यामुळे 'शिवी' म्हणायच्या जागी ते 'इशारा' म्हणाले. 'जमीन बळकावणाऱ्याला' म्हणायच्या जागी 'दिलेल्या दानाच्या रक्षणासाठी' म्हणाले. दगड आपल्या आजोळच्या बाजूचा आहे, हे मात्र स्पष्ट म्हणाले. फोन ठेवताना त्यांना वाटलं, जमलं. बाईंचा आवाजही भारावलेला होता.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात कार्यक्रमपत्रिका छापून आली. त्यात शेवटी लिहिलं होतं: 'यानंतर वधूवर पवित्र मातृशिलेला स्पर्श करतील. वधूपित्याच्या पूर्वजांच्या भूमीतून आलेली ही प्राचीन शिला दिलेल्या दानाचं रक्षण करते.'

चौबळांनी ते तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. हीच तर पंचाईत होती.

गुरुवारी संध्याकाळी तनू लेस्टरहून आली. तिथल्या हॉस्पिटलमध्ये ती फिजिओथेरपिस्ट होती. जन्म क्रॉयडनचा, मराठी घरातलं, आणि त्या मराठीत लिंगं आपापल्या मर्जीनं राहत.

"बाबा! तो दगड तुमची गावाची आहे? हिलरीनं ईमेल केला. आय क्राइड! माझा लग्न आणि तुमची दगड!"

सुनीती रुखवताचे लाडू वळत होती. तिनं मान वर केली नाही.

"तनू, त्या दगडाला हात लावू नकोस," चौबळ म्हणाले.

"का?"

"चांगला नाही तो."

"म्हणजे? लूज आहे? पडेल?"

"पडला तर उत्तमच. हे बघ, ती मेरी नाहीये."

"मग कोण आहे?"

"कुणाची तरी आई."

"कुणाचा आई?"

"जो दुसऱ्याची जमीन बळकावेल त्याची."

"ओके. आणि गाढव काय करते तिथे?"

चौबळांनी बायकोकडे पाहिलं. बायको लाडवांकडे पाहत होती. आपण कधी कुणाच्या थोबाडीत मारली नाही, पण मामाच्या त्या पद्धतीतला सोयीचा भाग त्यांना आत्ता कळला.

"बॉयलर बघून येतो," ते म्हणाले आणि उठले. घर गरम करणारा बॉयलर, ऐन जूनमध्ये.

बॉयलर ठीक होता. स्वयंपाकघरातून आधी सुनीतीचा हळू आवाज आला, आणि मग तनूचा असा हसण्याचा स्फोट झाला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"बाबा! टिमच्या नॅननं किस केला होता त्याला!" ती डोळे पुसत बाहेर आली. "ओ माय गॉड. प्लीज, कोणाला सांगू नका. नॅन एटी-फोर आहे. तिला किती आवडते तो. मी पटकन एक सेकंद हात लावेल."

"लावीन म्हणावं," चौबळ सवयीनं म्हणाले.

"हां. मी हात लावीन."

"लावू नकोस म्हणतोय ना मी!"

"पण शिवी कोणाला आहे? जमीन घेतो त्याला. आम्ही कुठे कोणाची जमीन घेते? आम्ही तर मॉर्गेज घेतलाय."

तर्क चोख होता. चौबळांचा शापांवर विश्वास नव्हताच. शाप टेस्ट करता येत नाहीत. पण गेला महिनाभर त्यांना दिसत होती ती दगडातली बाई. दान मोडणार कुणी भलताच पुरुष, आणि दगडात शतकानुशतकं उभी ती. तिनं कुणाची वीतभर जमीन घेतली नव्हती. तिला साधं नावही नव्हतं, नुसती कुणाची तरी माय. आणि त्यावर आपल्या पोरीचा मेंदीचा हात ठेवून फोटो काढायचा, हसून. हे त्यांना तनूला सांगायचं होतं.

"बरं दिसत नाही ते," ते म्हणाले.

"बाबा, डोन्ट वरी," तनूनं त्यांच्या गालाला हात लावला आणि ती लाडू खायला गेली.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये अंतरपाट धरला गेला. टिमच्या नॅननं अक्षता इतक्या जोरात फेकल्या की भटजींनी मंगलाष्टकाच्या मधेच चष्मा काढून ठेवला. दुपारी चर्चमध्ये ऑर्गन वाजला, हिलरीबाई बोलल्या, सह्या झाल्या, घंटा सुरू झाल्या. सुनीतीच्या शेजारची जागा त्याआधीच रिकामी झाली होती.

वरात उत्तरेच्या भिंतीशी आली तेव्हा दगडापुढे चंद्रशेखर चौबळ उभे होते. पाठ भिंतीला, हात छातीशी बांधलेले, डोक्यावर सकाळचा फेटा अजून तसाच. मागचा दगड पूर्ण झाकला गेला होता, कारण चौबळांची रुंदी ब्रॅकनेलच्या कँटीननं जोपासलेली होती.

"सर, जरा बाजूला होता?" फोटोग्राफर म्हणाला.

"नाही," चौबळ म्हणाले.

इंग्लंडमध्ये आल्यापासून 'सॉरी'शिवाय उच्चारलेला हा त्यांचा बहुधा पहिलाच नकार. घंटा वाजत राहिल्या. मागची रांग एकमेकांना थटली.

"मिस्टर चॉबल," पॉम्फ्रे पुढं येऊन कुजबुजले, "तुम्ही परंपरेच्या आड उभे आहात."

"हो."

"काही प्रॉब्लेम आहे का?" हिलरीबाई.

"गाढव," चौबळ म्हणाले, आणि पुढचं क्रियापद इंग्रजीत त्यांना आत्ताही सापडेना. फेट्याखालून घाम निघाला. रांगेतून कुणीतरी "पितृहृदय" अशा अर्थाचं काहीतरी म्हणालं.

तनूनं बापाकडे पाहिलं. ती हसली नाही. आईनं सांगितलं तेव्हा जे हसण्यात वाहून गेलं होतं, ते बहुधा आत्ता तिच्यापर्यंत पोचलं, किंवा बापाचा चेहरा पाहून तिनं नाद सोडला. चौबळांना हे नीट कधीच कळलं नाही. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

टिम बावचळला. लहानपणापासून त्याला एवढंच माहीत होतं, की नवरी डावीकडे, आणि नवऱ्यानं गाढवावर. त्यानं अंदाजानं जागा हेरली आणि सासऱ्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

फ्लॅश उडाला. नॅननं टाळ्या वाजवल्या.

"आई गं," गर्दीत सुनीतीचा आवाज आला, आणि मग तोंडावर पदर दाबल्याचा.

चौबळांना वाटलं, संपलं. पोरीचा हात दगडाला लागला नाही, एवढंच हवं होतं, तेवढं झालं. आपण काय ठरलो ते ठरलो.

जुलैमध्ये हिलरीबाईंचा फोन आला.

"चंद्रा, तुमची मदत हवी आहे. पुढच्या शनिवारी आणखी एक लग्न आहे. नवरीला तनूसारखंच करायचंय. वडिलांनी दगडापुढे उभं राहायचं आणि दोघांनी खांद्यावर हात ठेवायचे. ते फोटो सगळ्या गावानं पाहिले ना! मिस्टर पॉम्फ्रे तर पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत घालतायत, भारतीय प्रथा म्हणून."

चौबळ खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले. या खेपेस त्यांनी इशारा, दान, रक्षण असलं काही वापरलं नाही. गाढव त्या बाईला काय करतंय, ते त्यांनी चार अक्षरी इंग्रजी शब्दात, कर्त्या-कर्मासह सांगून टाकलं. बोलल्यावर त्यांना जो मोकळा श्वास आला, तसा कित्येक आठवडे आला नव्हता.



"हो, तनूनं सांगितलं मला," हिलरीबाई म्हणाल्या. "म्हणून तर. निदान त्या बिचारीवर आता कुणी हात ठेवत नाही. पॉम्फ्रेंना मी कळवलेलं नाही, नाहीतर ते पुस्तिकेत तळटीप घालतील. आता मला सांगा, नवरीचे वडील जरा काळजीत आहेत, त्यांना नीट करायचंय. पाठ दगडाकडे, बरोबर?"

"बरोबर," चौबळ म्हणाले.

"हात बांधलेले?"

"हो."

"आणि चेहरा? फोटोत तुमचा चेहरा फार खास आलाय. तो मुद्दाम तसा ठेवायचा असतो का?"

चौबळांनी आरशात पाहिलं. चेहरा अजून तसाच होता.

"नाही," ते म्हणाले. "तो आपोआप होतो. फक्त त्यांना सांगा, डावी बाजू जावयाची."